‘काम न करणाऱ्याने खाऊ नये’ या वचनाबाबत खुलासा

‘जो काम करत नाही त्याने खाऊ नये, असे बायबल सांगते’ हे वाक्य सध्या संदेशांतून फिरत असून ते बेरोजगार, आजारी आणि वृद्ध माणसांवरही लागू केले जात आहे. या वाक्यात मूळ वचनातील सर्वांत महत्त्वाचा शब्द गाळलेला आहे.

बायबलमधील थेस्सलनीकाकरांस (थेस्सलनीका शहरातील ख्रिस्ती लोकांना) लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात (3:10) आद्य ख्रिस्ती धर्मप्रचारक संत पौलाने ‘काम करण्याची इच्छा नसलेल्या’ माणसाविषयी लिहिले आहे. मूळ ग्रीक वाक्यात ‘इच्छा नसणे’ हे क्रियापद स्पष्टपणे आले आहे. पुढच्याच ओळीत कळते की, हे शब्द कामधंदा सोडून इतरांच्या कामात लुडबुड करणाऱ्यांसाठी होते. स्वतः पौल राहुट्या बनवण्याचा व्यवसाय करत असे (प्रेषितांची कृत्ये 18:3) आणि कोणावर भार पडू नये म्हणून रात्रंदिवस कष्ट करत असे, त्यामुळे श्रमाचा आग्रह धरण्याचा त्याला अधिकार होताच. ‘इच्छे’चा उल्लेख नसलेले रूप सोव्हिएत संघाच्या 1936 च्या राज्यघटनेत, 12 व्या कलमात होते, तो संदर्भ वेगळा आहे.

काम न मिळालेल्यांविषयी येशूने सांगितलेला दाखला, म्हणजे बोधकथा (मत्तयचे शुभवर्तमान, अध्याय 20), मला अत्यंत मोलाचा वाटतो. दिवस मावळायला एक तास उरला असताना चौकात उभे असलेले मजूर सांगतात की, आम्हांला कोणी कामावर लावलेच नाही. द्राक्षमळ्याचा धनी त्यांना दोष देत नाही. तो त्यांना कामावर घेतो आणि संध्याकाळी दिवसभर राबलेल्यांइतकीच, म्हणजे पूर्ण एक दिनार मजुरी देतो.