पूर येणारच, म्हणून तर ही झाडं

नमस्कार,

नदीकाठी स्थानिक झाडं लावून, तण काढून ती जपण्याच्या स्वयंसेवकांच्या कामावरची तुमची प्रतिक्रिया सडेतोड आहे आणि तिच्यातला एक मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. फोटोपुरती रोपं लावून पाठ फिरवणाऱ्यांनी नद्यांचं काहीही भलं केलेलं नाही. पण पुढे तुम्ही म्हणता, की पहिल्याच पुरात सगळं वाहून जाणार असेल तर तण काढत बसण्यापेक्षा भराभर वाढणारी सुबाभूळ लावा, नाहीतर सरळ सिमेंटची भिंत बांधा. हे मला पटत नाही.

नदीकाठच्या झाडांना पूर नवा नसतो. शेरणीचं झुडूप बघा. खडकाच्या फटीत मुळं घट्ट रोवलेली, फांद्या लवचीक. लोंढ्यात आडवं होतं, पाणी ओसरलं की पुन्हा उभं. वाळुंजाची फांदी ओल्या मातीत खोचली तरी फुटते. वाळ्याची मुळं सरळ खाली 3 मीटरपर्यंत उतरतात आणि माती धरून ठेवतात. करंजाच्या शेंगा तर पाण्यावर तरंगत जाऊन दुसरीकडे रुजतात. रोपं वाहून जातात ती बरेचदा जागा चुकल्यामुळे. पाण्यालगत लव्हाळा, वाळा, शेरणी हवी. त्यावर वाळुंज, करंज. आणि उंबर, जांभूळ, अर्जुन आणखी वर, जिथे रोपाला जम बसवायला दोन-तीन वर्षं मिळतात.

सुबाभूळ मूळची मध्य अमेरिकेकडची. ती झपाट्याने वाढते हे खरं, पण बीही तशीच टाकते. काही वर्षांत तिची दाट गर्दी होते आणि खाली दुसरं काही तग धरत नाही. तोडली तर बुंध्यातून पुन्हा फुटते, म्हणून रोप बोटभर असतानाच उपटावं लागतं. तुम्हाला वेळेचा अपव्यय वाटणारं तण काढणं ते हेच. घाणेरी या दुसऱ्या पसरणाऱ्या परक्या झुडपाचं उलट आहे. उभ्या उतारावरची घाणेरी पावसाच्या तोंडावर मुळासकट काढली तर सैल झालेली माती पहिल्या सरीतच नदीत जाते. तेव्हा ती फक्त छाटायची आणि मुळांना पाऊस संपल्यावर हात घालायचा. असे निर्णय वाफ्यावाफ्याला घ्यावे लागतात. तिथे यंत्र चालत नाही, माणसंच लागतात.

भिंतीचं म्हणाल, तर काठाला खेटून घरं असतील तिथे तिला पर्याय नसेलही. पण गुळगुळीत भिंतीलगत पाणी वेग घेतं, आणि तो जोर भिंतीचा पाया आणि खालच्या अंगाचा उघडा काठ खातो. शिवाय भिंत सावली देत नाही. सावलीतलं पाणी गार राहतं, गार पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो. गळलेल्या पानांवर पाणकिडे जगतात, त्यांच्यावर मासे.

राहिला मैलापाण्याचा प्रश्न. तुम्ही म्हणता ते बरोबर आहे, झाडं लावून गटार थांबत नाही. काठावरची दाट झुडपं वरून वाहून येणारी माती आणि शेतातली खतं काही प्रमाणात अडवतात, एवढंच. सांडपाणी शुद्ध करण्याची मागणी वेगळी लावून धरायलाच हवी. मात्र दर आठवड्याला काठावर जाणाऱ्यांनाच नवीन पाइप सगळ्यात आधी दिसतो, आणि तारीख-वेळ घातलेला फोटो जोडून तक्रार करणंही त्यांनाच जमतं.