‘दीड लाख चाललेली डिझेल ऑटोमॅटिक डोळे झाकून घे’ या मजकुराचा समाचार

जुन्या गाड्यांच्या ग्रुपवर सध्या एक मजकूर जोरात फिरतोय. त्याचा सारांश असा: ‘भावा, नव्या छोट्या पेट्रोल गाडीच्या पैशात मोठी डिझेल ऑटोमॅटिक बसते. दीड लाख किमी म्हणजे डिझेलला काहीच नाही. ऑटोमॅटिकला क्लच नसतो, ऑइल लाईफटाईम असतं. स्कॅनर लाव, कोड आला नाही की विषय संपला. दिल्लीची मिळाली तर अजून स्वस्त. गिअरबॉक्स गेलाच तर भंगारातला टाकू.’

यातलं पहिलं वाक्य खरं आहे. मोठ्या डिझेल ऑटोमॅटिकचा भाव एक लाख किमी ओलांडल्यावर झपाट्याने पडतो आणि त्यात चांगल्या गाड्याही सापडतात. पुढचं एकेक वाक्य मात्र तपासून घ्यावं लागतं.

‘दीड लाख किमी म्हणजे डिझेलला काहीच नाही’

इंजिनाचा ब्लॉक, क्रँक, पिस्टन यांच्यापुरतं हे बरोबर आहे. पण खर्च ब्लॉकवर होत नाही, त्याला लटकवलेल्या वस्तूंवर होतो: इंजेक्टर, हाय प्रेशर पंप, टर्बो, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात फिरवणारा व्हॉल्व्ह) आणि बीएस6 म्हणजे नव्या प्रदूषण नियमांच्या गाडीत डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारी गाळणी). यांचं आयुष्य किलोमीटरपेक्षा गाडी कशी चालली यावर ठरतं. दर आठवड्याला कोल्हापूर–पुणे जाऊन-येऊन करणारी गाडी वर्षाला जवळपास 24 हजार किमी चालते, म्हणजे सहा वर्षांत दीड लाखाच्या आसपास. त्यातला बहुतेक वेळ इंजिन गरम, गिअर वरचा आणि गिअरबॉक्स जवळजवळ आरामात. याउलट कोल्हापुरातच राजारामपुरी ते शाहूपुरी अशा तीन-चार किलोमीटरच्या फेऱ्यांत साठ हजार झालेली गाडी आतून जास्त म्हातारी असते. तिचं इंजिन धड गरमच होत नाही, ईजीआर आणि इनटेक (हवा आत नेणारी वाट) काजळीने भरतात. डीपीएफमधली काजळी जळायला एक्झॉस्टचं तापमान 550 ते 600 अंशांवर जावं लागतं. ते अर्धवट राहिलं की त्यासाठी जास्तीचं मारलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइल ‘मॅक्स’च्या वर दिसलं आणि त्याला डिझेलचा वास आला, तर मालकाने ऑइल जास्त ओतलंय असं समजून सोडून देऊ नका. (ऑइल काळं दिसणं हा दोष नव्हे. डिझेल गाडीचं नवं ऑइलही दोन दिवसांत काळं होतं.)

गाडी बघायला जाताना इंजिन थंड हवं, हे आधीच बजावून ठेवा आणि गेल्या गेल्या बोनेटला हात लावा. गरम असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी या. थंड स्टार्टला पांढरा धूर राहिला तर इंजेक्टर, ग्लो प्लग (थंड इंजिन तापवणारा) किंवा कूलंट जळण्याचा संशय घ्यायचा, निळसर राहिला तर ऑइल जळतंय, आणि ॲक्सिलरेटर दाबल्यावर काळा ढग निघाला तर ईजीआर, टर्बोचे पाइप किंवा इंजेक्टर. मग आयडलवर ऑइल भरायचं झाकण सैल करा. थोडी फुरफुर चालते. झाकण उड्या मारायला लागलं आणि धुराचे भपके आले, तर पिस्टनच्या रिंगा गेल्या आहेत. टायमिंग बेल्टचंही विचारून घ्या. जुन्या फॉर्च्युनरच्या 3.0 इंजिनाला बेल्ट आहे आणि तो दीड लाखाला बदलायचा असतो. इनोव्हा क्रिस्टाच्या 2.4 आणि 2.8 ला चेन आहे. फोक्सवॅगन-स्कोडाच्या टीडीआय डिझेल इंजिनांना बेल्ट. बदलल्याचं बिल नसेल तर बदललेलाच नाही असं धरून किंमत बोला, कारण बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात.

‘ऑटोमॅटिकला क्लच नसतो’

पेडल नसतं. क्लच बहुतेक सगळ्यांत असतो, आणि कुठला गिअरबॉक्स आहे हे न विचारता ‘ऑटोमॅटिक’ म्हणून गाडी घेणं म्हणजे जात न विचारता म्हैस घेण्यासारखं आहे.

डिझायर, ब्रेझा, नेक्सॉन यांच्या डिझेल एएमटीत मॅन्युअल गाडीचाच कोरडा क्लच असतो, फक्त तो दाबायचं काम यंत्र करतं. प्लेट झिजते, बदलावी लागते आणि बदलल्यावर स्कॅनरने लर्निंग करून (नवी प्लेट कुठे पकडते ते यंत्राला शिकवून) द्यावं लागतं. मारुतीच्या एएमटीत ड्रायव्हरचं दार उघडल्यावर पंपाची छोटी घरघर ऐकू येते, ती ठीक. पण उभ्या गाडीत ती दर काही सेकंदांनी येत राहिली, तर दाब धरला जात नाहीये.

व्हेंटो आणि रॅपिड डिझेलच्या सात-स्पीड डीएसजीत (दोन क्लचच्या ऑटोमॅटिकमध्ये) दोन्ही क्लच कोरडे आहेत. गर्दीत इंचाइंचाने सरकणं हाच त्यांचा शत्रू. ऑक्टाव्हिया-सुपर्ब 2.0 टीडीआयचा सहा-स्पीड डीएसजी तेलात बुडालेल्या क्लचचा, त्यामुळे जास्त सोशिक, पण त्याला दर 60 हजारांना ऑइल आणि फिल्टर हवाच. क्रेटा डिझेल, एक्सयूव्ही 500, क्रिस्टा, फॉर्च्युनर यांना टॉर्क कन्व्हर्टर आहे, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स तेलातून जोडलेले. जास्त चाललेल्या गाडीत त्यातल्या त्यात निवांत झोप देणारा हाच प्रकार. 2018 नंतरच्या अमेझ डिझेलला सीव्हीटी आहे, म्हणजे ठरावीक गिअरांऐवजी पुली आणि पट्टा. त्यात ऑइल कंपनीने सांगितलेलंच हवं, दुसरं टाकलं की पट्टा पुलीवर घसरतो.

‘ऑइल लाईफटाईम असतं’

सगळ्यात महाग पडणारं वाक्य हे. ‘लाईफटाईम’ कुणाचं, ते विचारा. बीएमडब्ल्यूसारख्या गाड्यांत बसणारा आठ-स्पीड गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी स्वतः 80 हजार ते 1 लाख 20 हजार किमी किंवा आठ वर्षांनी ऑइल बदला म्हणते, तर त्याच गिअरबॉक्सचं ऑइल गाडीवाल्या कंपन्या आयुष्यभराचं म्हणून खपवत आल्या आहेत. हे ऑइल नुसतं वंगण नसतं. त्याच्याच दाबाने आतले क्लच दाबले जातात, तेच व्हॉल्व्ह बॉडीतल्या (कुठल्या क्लचला दाब द्यायचा ते ठरवणाऱ्या भागातल्या) बारीक वाटांमधून फिरतं आणि उष्णताही तेच वाहून नेतं. क्लचच्या अस्तराचा चुरा त्यात मिसळत जातो आणि गरम होऊन होऊन त्याचा गुणधर्म उतरतो. आंबा घाट, फोंडा, गगनबावडा असे घाट पाच माणसं आणि सामान घेऊन चढणाऱ्या गाडीत तर हे लवकर होतं.

म्हणून ‘सर्व्हिस रेकॉर्ड आहे’ यावर समाधान मानू नका. रेकॉर्डमध्ये दर दहा हजारांना इंजिन ऑइल बदलल्याच्या पंधरा नोंदी असतात आणि गिअरबॉक्स ऑइलची एकही नसते. बिलावर ऑइलचं नाव आणि लिटर दोन्ही बघा. ह्युंदाईच्या सहा-स्पीडला एसपी-4, टोयोटाला डब्ल्यूएस. ‘ट्रान्समिशन ऑइल 1 लिटर’ एवढंच लिहिलेलं असेल तर ते ऑइल बदलणं नव्हे, गळती लपवण्यासाठी मारलेला टॉप-अप आहे.

याच्या विरुद्ध टोकाचा सल्लाही फिरतो: ‘दीड लाखानंतर ऑइल बदलू नको, बदललं की गिअरबॉक्स बसतो.’ असं घडलेलं दिसतं, पण कारण उलटं आहे. गिअरबॉक्स घसरायला लागल्यावरच लोक ऑइल बदलायला जातात, अस्तर तेव्हा संपलेलं असतं, आणि आळ नव्या ऑइलवर येतो. शिवाय मशिनने दाब देऊन फ्लश केलं तर तळाचा गाळ उठून व्हॉल्व्ह बॉडीत अडकतो. न घसरणाऱ्या गिअरबॉक्सचं ऑइल टप्प्याटप्प्याने बदलायचं. सात लिटरच्या टॉर्क कन्व्हर्टर गिअरबॉक्समधून ड्रेन बोल्ट काढल्यावर साडेतीन लिटरच्या आसपासच बाहेर येतं, बाकीचं कन्व्हर्टर आणि कूलरमध्ये राहतं. म्हणजे एका वेळी निम्मं. जेवढं निघालं तेवढं मापून भरा, हजारभर किमी चालवा, परत तेच, आणि तिसऱ्यांदाही तेच. तीन वेळांत 87 टक्के ऑइल नवं होतं आणि लागतं साधारण 11 लिटर. गिअरबॉक्सचा तळाचा पॅन उघडणारा असेल तर पहिल्याच वेळी तो काढून चुंबक पुसून घ्या. चुंबकावर करड्या रंगाचा मऊ लेप असणारच. बोटाला टोचणारे कण लागले तर बेअरिंग किंवा गिअरचा चुरा आहे, आणि गाडी अजून घेतली नसेल तर घेऊ नका.

लेव्हलचीही एक गोम आहे. आजकालच्या बहुतेक गिअरबॉक्सना डिपस्टिक नसते. गाडी सपाटीवर, इंजिन चालू, लिव्हर प्रत्येक खाच्यात काही सेकंद फिरवून परत ‘पी’त, आणि ऑइलचं तापमान कंपनीने दिलेल्या पट्ट्यात (बहुतेक 30 ते 50 अंशांच्या मध्ये) असताना ओव्हरफ्लोचा बोल्ट काढायचा. धार थांबून थेंब पडायला लागले की लेव्हल बरोबर. इंजिन बंद ठेवून भरलं की हिशोब चुकतो. कमी राहिलं तर पंप हवा ओढतो आणि क्लच घसरतो, जास्त झालं तर फेस होतो.

‘स्कॅनर लाव, कोड आला नाही की विषय संपला’

कोड म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला बिघाड, आणि तो पुसायला अर्धा मिनिट लागतो. म्हणून कोड बघण्याआधी ‘कोड पुसल्यापासूनचं अंतर’ हा आकडा बघा. गाडीच्या सॉकेटला लावायचं साधं ओबीडी यंत्रही तो दाखवतं. तिथे 14 किमी दिसले तर काल संध्याकाळीच काहीतरी पुसलंय. चांगल्या स्कॅनरवर चारही इंजेक्टरचं करेक्शन (प्रत्येकाला कमी-जास्त द्यावं लागणारं डिझेल) शून्याच्या आणि एकमेकांच्या जवळ हवं. रेल प्रेशरचा (इंजेक्टरना जाणाऱ्या डिझेलच्या दाबाचा) मागितलेला आणि प्रत्यक्षातला आकडा जोडीने चालायला हवा. डीपीएफची काजळी आणि शेवटचं रिजनरेशन (ती काजळी जाळणं) किती किमीपूर्वी झालं तेही बघा. मीटर मागे घेतलेलं असेल तर इंजिन, गिअरबॉक्स आणि एबीएसच्या कंट्रोलरमधले किलोमीटर डॅशबोर्डशी जुळत नाहीत. मीटर मारणारा बहुतेक वेळा डॅशबोर्डच तेवढा मारतो.

टॉर्क कन्व्हर्टरची घसरण कोडमध्ये यायच्या कितीतरी आधी बुडाला कळते, म्हणून निदान पाऊण तासाची राईड घ्या. ताराराणी चौकातून महामार्गाला लागून कागलपर्यंत. 60 ते 80 च्या वेगात पाय अगदी हलका ठेवा. खडबडीत पट्ट्यावरून गेल्यासारखी थरथर आली आणि ॲक्सिलरेटर थोडा दाबल्यावर थांबली, तर लॉक-अप क्लच (कन्व्हर्टर थेट जोडून टाकणारा) किंवा ऑइल गेलंय. मग तापलेली गाडी पन्हाळ्याच्या रस्त्याला वाघबिळाच्या चढावर घ्या. आर.पी.एम. उडतो पण वेग वाढत नाही, असं झालं तर आतले क्लच घसरताहेत. वर पोहोचल्यावर ब्रेक दाबून ‘एन’मधून ‘डी’ आणि ‘आर’ करून बघा. एका सेकंदाच्या आत, धक्क्याशिवाय गिअर लागायला हवा. सकाळी थंड असताना ठीक आणि गरम झाल्यावर उशीर किंवा हिसका, ही खूण गाडी सोडून द्यायला पुरेशी आहे. विकणारा ‘पेट्रोल पंपापर्यंत चक्कर मारा’ म्हणतो ते याच कारणाने.

मजकुरात नसलेलं: पाणी

कोल्हापुरात गाडी घेताना ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 हे दोन महिने विसरून चालत नाही. व्हीनस कॉर्नर आणि शाहूपुरीच्या गल्ल्यांत गाड्या पाण्यात उभ्या होत्या. शिरोलीजवळ तर महामार्गच पाण्याखाली होता. मॅन्युअल गिअरबॉक्स पाण्यानंतर ऑइल बदलून बरेचदा वाचतो. ऑटोमॅटिकच्या ब्रीदरमधून (हवा जाण्या-येण्याच्या छिद्रातून) पाणी आत गेलं तर क्लचच्या अस्तराचा गोंदच सुटतो, पुढे सहा महिन्यांत घसरण सुरू होते. ऑइल गुलाबी दुधासारखं दिसलं तर पाणी किंवा कूलंट मिसळलंय. रेडिएटरमध्येच ऑइल कूलर असलेल्या गाडीत तो आतून फुटला तरी हेच होतं, म्हणून कूलंटच्या टाकीत तेलाचा तवंग आहे का तेही बघा. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, शेवटच्या फुटावर मातीची रेघ राहते. सीटच्या रुळांचे बोल्ट, कार्पेटखालचा फोम, स्टेपनीचा खड्डा तपासा. त्या दोन महिन्यांनंतरचा मोठा इन्शुरन्स क्लेम आहे का, तेही पॉलिसी नंबरवरून कंपनीकडे विचारा.

‘दिल्लीची अजून स्वस्त’

स्वस्त आहे कारण तिथे दहा वर्षांवरच्या डिझेलवर 2015 मध्ये हरित लवादाने बडगा उगारला. फॉर्म 28 ची एनओसी (तिथल्या आरटीओचा ना-हरकत दाखला), महाराष्ट्राचा रोड टॅक्स, वाहतूक आणि एजंट धरून मग एमएच 09 च्या, म्हणजे कोल्हापूर पासिंगच्या गाडीशी तुलना करा. बेळगाव किंवा गोवा पासिंगलाही हाच हिशोब. इथलीच असेल तर मालकी बदलाचे फॉर्म 29 आणि 30, कर्ज असेल तर ते फिटल्याचा बँकेच्या सहीचा 35, आणि पैसे देण्याआधी थकलेली ई-चलनं बघा.

‘भंगारातला गिअरबॉक्स टाकू’

टाकता येतो, पण ‘त्याच गाडीचा’ एवढं पुरत नाही. गिअरबॉक्सवरचा कोड जुळायला हवा. त्याच मॉडेलच्या दोन वर्षांत गिअरचं प्रमाण आणि कंट्रोलर बदललेले असतात. डीएसजीचं मेकाट्रॉनिक (कंट्रोलर आणि व्हॉल्व्ह एकत्र असलेला भाग) दुसऱ्या गाडीतून आणलं तर ते नव्या गाडीला कोडिंग करून ओळख पटवून द्यावं लागतं. भंगारातल्या गिअरबॉक्सचं ऑइल कधी बदललं हे कुणालाच माहीत नसतं, म्हणजे ज्या कारणाने तुमचा गेला तेच कारण विकत आणायचं. टाकायचाच तर कन्व्हर्टर उघडून साफ केलेला किंवा नवा घ्या आणि कूलरचे पाइप धुवून घ्या, नाहीतर जुन्या गिअरबॉक्सचा चुरा पहिल्याच दिवशी नव्यात जातो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात डिझेल पंप आणि इंजेक्टर जाणणारे हात पिढ्यान्‌पिढ्या आहेत, पण ऑटोमॅटिक उघडणारा वेगळा शोधावा लागतो. त्याला एकच प्रश्न विचारा: व्हॉल्व्ह बॉडीचे बोल्ट किती टॉर्कला कसता? ‘हाताच्या अंदाजाने’ असं उत्तर आलं की चावी परत घ्या.