अंग चिंतामणी, काठ केशरी

सोमवारी ऑफिसच्या ग्रुपवर सरांचा मेसेज पडला : 'आपली मदत-साइट आजपासून सुरू. रंगसंगती : बाबा.' खाली अंगठ्यांची रांग. साइटच्या आत जी १४२ पानं आहेत, ती बहुधा रात्रीतून कुत्र्याच्या छत्र्यांसारखी उगवली असावीत.

तर ती पानं मी लिहिलीत. आमची कंपनी पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर करते आणि ते चालवायचं कसं, हे सांगणं माझं काम. लिहिलेल्या पानांची साइट करून देणारं एमकेडॉक्स नावाचं फुकट अवजार, त्यावर चढवलेली मटेरियल नावाची थीम, म्हणजे साइटचा तयार पोशाख. ही थीम मुळात इंडिगो रंगाची असते. ज्यांना बदलायचा कंटाळा येतो, त्या सगळ्यांच्या साइट इंडिगो. मलाही येत होता. पण सरांना 'आपला' रंग हवा होता. "एक ओळ तर बदलायचीय," म्हणाले.

ओळ खरंच एक. पण ती राहते यॅमल नावाच्या पद्धतीने लिहिलेल्या सेटिंगच्या फाइलीत, आणि तिथे डावीकडच्या कोऱ्या जागेलाही अर्थ असतो. स्पेस चालते, टॅब चालत नाही. डोळ्यांना दोन्ही सारखेच कोरे. रंग सांगणारा 'पॅलेट' हा शब्द 'थीम'च्या पोटात दोन स्पेस आत सरकवला नाही, तर एमकेडॉक्स त्याला ओळखच देत नाही. या यॅमलचा फुलफॉर्म आधी 'यट अनदर मार्कअप लँग्वेज' होता. पुढे तोच 'यॅमल एन्ट मार्कअप लँग्वेज', म्हणजे 'यॅमल ही मार्कअप लँग्वेज नाहीच', असा झाला. अक्षरं तीच, भूमिका उलटी. निकालानंतर आपल्याकडेही हे होतं, पण ती माणसं निदान टॅबवरून अडून बसत नाहीत.

असो. काकांकडे येते.

काका म्हणजे सरांचे वडील. लक्ष्मी रोडवर चाळीस वर्षं साड्या विकल्या, आता घरी करमत नाही म्हणून अकराला डबा घेऊन ऑफिसात येतात आणि पंख्याखालची खुर्ची धरतात. माझ्या स्क्रीनवर निळा दिसला आणि ते खुर्चीसकट सरकले.

"ताई, हा कुठला निळा?"

पंचाहत्तरीचा माणूस मला ताई म्हणतो. त्यांच्या लेखी मी गिऱ्हाईक.

"इंडिगो, काका."

"तसा रंग नसतो. चिंतामणी म्हणा, मोरपंखी म्हणा, अस्मानी म्हणा. अंग कुठलं, काठ कुठला?"

मी समजावायला गेले की इथे रंग सहा अक्षरांच्या कोडमध्ये सांगतात आणि असे १,६७,७७,२१६ रंग होतात. काकांनी क्षणभर डोळे मिटले. "एवढा माल ठेवायचा कुठे?"

पण अंग आणि काठ हे त्यांचं बरोबरच होतं. थीममध्ये प्रायमरी नि ॲक्सेंट असे दोन रंग असतात : एक वरच्या पट्टीचा, दुसरा लिंकवर माउस नेला की उमटणारा. मला हे समजायला अर्धा दिवस आणि तीन व्हिडिओ लागले होते. मी मुकाट्याने 'कस्टम' लिहिलं, रंगरूप ठरवणारी वेगळी सीएसएस फाइल उघडली आणि काका रंग मागत गेले तसे टाकत गेले. अबोलीवर पांढरी अक्षरं ठेवली तर तपासणीचं साधन लाल झालं. अक्षरात आणि मागच्या रंगात किमान ४.५ : १ एवढा फरक हवा, असा नियम आहे. काका म्हणाले, "अबोलीवर पांढरं उठत नाही, हे सांगायला यंत्र कशाला?"

डार्क मोड दाखवला. त्याला थीममध्ये 'स्लेट' म्हणतात, म्हणजे आपली पाटी.

"काळी? संक्रांतीपुरती ठेवा."

मग चिंतामणी ठरला. ठरला असं मला वाटलं. काका उठले. "चला, उजेडात बघू."

"काका, हा लॅपटॉप आहे."

"ट्यूबखाली रंग खोटा दिसतो, ताई. आम्ही गिऱ्हाइकाला दुकानाच्या पायरीवर नेऊन दाखवायचो."

दुपारी साडेबारा वाजता मी गॅलरीत उघडा लॅपटॉप दोन्ही हातांवर घडी उलगडल्यासारखा धरून उभी होते. उन्हात स्क्रीनवर फक्त काकांचा चेहरा दिसत होता. त्यांनी तो बराच वेळ पाहिला. समोरच्या इमारतीतल्या एक बाई भांडी घासायची थांबून आमच्याकडे बघत होत्या. "छान आहे," काका म्हणाले. कशाला म्हणाले, ते मी विचारलं नाही.

सरांनी तो रंग रात्री घरून मोबाइलवर बघितला. 'हिरवट वाटतोय.' दुसऱ्या दिवशी मी निळा वाढवला. रात्री परत 'हिरवट'. असे चार दिवस. या चार दिवसांत मला मुदतठेवीचं पान पुरं करायचं होतं, ते अजून अर्धवट आहे आणि त्याबद्दल मला कुणी एका शब्दाने विचारलेलं नाही. निळा किती निळा, हे मात्र रोज दोनदा.

पाचव्या दिवशी काकांनी मुलाचा मोबाइल हातात घेतला, दूर धरला, जवळ आणला. "अरे, तुझ्यात भिंतसुद्धा पिवळी दिसतेय. कावीळ झालीय याला."

डोळ्यांना त्रास नको म्हणून असतो तो रात्रीचा फिल्टर चालू होता. कायमचा. सर हसले. मी पहिल्या दिवशीचा कोड परत टाकला.

काल एका पतसंस्थेतून फोन आला.

"मॅडम, साइट बघितली. कलर एकदम भारी! बरं, थकीत कर्जावर व्याज कसं लावायचं, ते जरा तोंडी सांगता का?"

मी ते पान उघडलं आणि पहिल्या ओळीपासून वाचून दाखवलं. मधेच म्हणाले, "जरा हळू, लिहून घेतोय."