तळघरातला हीटर

मे महिन्यात ४५ अंश ओलांडणाऱ्या आमच्या मुलखात कूलरवर शेंबडं पोरगंही व्याख्यान देतं. टाकी केवढी, गवताच्या ताट्या बऱ्या की हनीकोंब, सगळं तोंडपाठ. हीटरचा विषय निघाला की मात्र गाव क्षणभर गप्प होतं आणि मग सगळे एकदम बोलू लागतात.

पुतण्याला एमपीएससीच्या अभ्यासासाठी एकांत हवा होता. वाड्याचं तळघर रिकामं होतं. "पोरगं गारठून जाईन न बाप्पा तिथं!" आई म्हणाली, आणि हीटरची खरेदी माझ्या गळ्यात पडली. शेजारच्या काकाजींनी कोळशाची शेगडी सुचवली. बंद तळघरात कोळसा पेटवला तर कार्बन मोनॉक्साईडमुळे परीक्षार्थीच उरायचा नाही, हे त्यांना पटवण्यात एक संध्याकाळ गेली.

गणित तसं सोपं. चौरस फुटाला ढोबळमानानं १० वॉट. तळघर १० बाय १२, म्हणजे १२०० वॉट. तालुक्याच्या दुकानदारानं हा आकडा ऐकून माझ्याकडे दयेनं पाहिलं. "भाऊ, ११ फिनवाला तेलाचा घ्या. कमी बिलात जास्त गरमी!" फिन म्हणजे हीटरची तेल भरलेली उभी पाती. आता तेलाचा असो, दांडीचा असो की ब्लोअर, १५०० वॉट ओढले की उष्णताही १५०० वॉटचीच मिळणार. ब्लोअर चटकन तापवतो, तेलाचा उशिरा तापतो नि उशिरा निवतो, इतकाच फरक. हे मी समजावून सांगितल्यावर त्यानं १३ फिनवाला दाखवला.

मग वायरमन आला. २००० वॉटचा हीटर घेतला तर जवळपास ९ अँपिअर, आणि तळघरात सॉकेट ६ अँपिअरचं. "हे लावलं त भाऊ, हीटरच्या आंधी भिंत गरम होईन." म्हणजे १६ अँपिअरचं सॉकेट, जाड वायर, अर्थिंग आलंच. शिवाय हरभऱ्याच्या ओलितासाठी मोटारी सुरू झाल्या की आमच्याकडे व्होल्टेज १७० वर येतं. तेव्हा २००० वॉटचा हीटर जेमतेम ११०० चा उरतो. काकाजींकडे यावरही उपाय होता : "दोन घ्या."

पैसे मोजण्याआधी मी तळघरात रात्रभर थर्मामीटर टांगून ठेवला. पहाटे अंगणात ९ अंश, तळघरात २३! जमिनीखाली ऋतू उशिरा पोचतात. वर डिसेंबर लागला तरी खाली अजून ऑक्टोबरच चालू असतो.

बातमी घरात फुटली. आई वाकळ घेऊन खाली उतरली, मागोमाग बाबा, मग पानाचा डबा, मग रेडिओ. बाबांच्या घोरण्यात राज्यघटनेची कलमं काही टिकेनात. पुतण्या पुस्तकं उचलून माडीवरच्या टिनाच्या खोलीत गेला.

टिनाला १० वॉटचा हिशेब पुरत नाही. ऊब वर चढते ती थेट आभाळाला मिळते. दीडपट धरायचं की दुप्पट, यावर वायरमन आणि काकाजी ओट्यावर हमरीतुमरीवर आले. तेवढ्यात दुकानदाराचा फोन. त्याला कोणी कळवलं देव जाणे.

"भाऊ, तो १३ फिनवाला बाजूले काहाळून ठेवला बरं!"