मानवाला होणारे उपयोग

रात्री साडेनऊला पालकांच्या ग्रुपवर निरोप आला : 'उद्या तुलनेचा तक्ता आणणे.' आमच्या कन्येच्या वाट्याला कांगारू उंदीर आणि शीळकरी कस्तूर आले होते. पहिला उत्तर अमेरिकेच्या वाळवंटातला, दुसरा आपल्या सह्याद्रीतल्या ओढ्या-धबधब्यांचा पक्षी. ही स्थळं कोणत्या मध्यस्थाने काढली, देव जाणे. पत्रिका मात्र मला जुळवायची होती.

'पाणी' या रकान्यातच ठिणगी पडली. कांगारू उंदीर पाणी पीतच नाही म्हटलं तरी चालेल. कोरड्या बिया खातो आणि त्या पचल्यावर शरीरात जे पाणी तयार होतं, त्यावर भागवतो. दिवसा बिळाचं तोंड मातीने बुजवून आतली ओल आतच ठेवतो. मी हे वाचत असताना आईने पोथीतून मान वर केली. "मुतखडा होईल मेल्याला!"

मग त्याची मूत्रपिंडं किती तरबेज असतात, थोड्याशाच पण दाट लघवीतून सगळी घाण कशी बाहेर टाकतात, हे मला जेवणाच्या टेबलावर सविस्तर सांगावं लागलं. बायको आमटी तशीच ठेवून उठली.

'आवाज'. कस्तूर ऐन पावसाळ्यात, उजाडायच्या आधी, अगदी माणसासारखी शीळ घालतो. तीही धड पुरी नाही, अर्ध्यावर सोडून भलतीकडेच वळलेली. माथेरानला आईने पहाटे खिडकी उघडून त्याला "कुणाचा रे तू?" म्हणून दरडावलं होतं. उंदीर गात नाही, पण साप दिसला की मागचे पाय जमिनीवर आपटतो.

"आपल्या वरच्या मजल्यावर आहे एक," बायको आतून म्हणाली.

शेवटचा रकाना माझ्या लहानपणापासून तसाच आहे : 'मानवाला होणारे उपयोग'. गाईच्या बाबतीत ठीक होतं हो. हा उंदीर बाहेर पडतो तोच रात्री. गालांच्या पिशव्यांत बिया भरून नेतो, पुरतो, त्यातल्या राहिलेल्या उगवतात. पण तो उपयोग वाळवंटाला. कस्तूर किडे, खेकडे खातो, कपारीत घरटं करतो, आपल्याकडे एक दाणा मागत नाही. 'निसर्गाचा समतोल राखणे' हे कुठेही खपणारं वाक्य मी लिहिणार, तोच कन्येने तक्ता ओढला आणि दोन्हीकडे एकच ओळ लिहिली : 'तुलना करण्यासाठी.'

बाईंनी लाल शाईने 'छान' दिलंय.