एक स्टार देणाऱ्या ग्राहकांना आमच्या कार्यालयाकडून उत्तर

नमस्कार दादा,

तुमचा रिव्ह्यू रविवारी सकाळी वाचला. सगळ्यात आधी माफी मागते. ३० जुलैच्या संध्याकाळी काकूंना, म्हणजे तुमच्या आईंना, आमच्या बाकावर पन्नास मिनिटं बसून राहावं लागलं, आणि आता त्यांच्या कष्टाचे पैसे बँकेत अडकलेत. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

इतर वाचणाऱ्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. तुमच्या आणि आईच्या जॉइंट खात्यात २,८४,००० रुपये होते, त्यातल्या १,४२,००० वर इन्कम टॅक्सच्या नोटिशीने होल्ड लागला. 'जॉइंट खात्याला कोणी हात लावू शकत नाही' असं मी छातीठोकपणे सांगितलं होतं, त्याचे १,५०० रुपये घेतले आणि वर ताटकळत ठेवलं.

ताटकळत ठेवलं हे खरं आहे. रिटर्नच्या शेवटच्या तारखेचा आदला दिवस होता, तुम्ही फोन न करता सव्वासातला आलात आणि तुमच्या आधी चारजण बसले होते. पैशांचं म्हणाल तर ७०० सल्ल्याचे आणि ८०० वसुली अधिकाऱ्याला द्यायच्या अर्जाचे, पावतीवर दोन्ही वेगळे लिहिलेत. त्यावर मला वाद घालायचा नाही.

पण 'कोणी हात लावू शकत नाही' हे वाक्य माझं नाही, दादा. चौदा वर्षं हे काम करतेय, असं वाक्य मी कुणालाच सांगत नाही. तेच मला सगळ्यात जास्त लागलं.

त्या दिवशी तुम्ही टेबलावर एकच कागद ठेवलात, पतसंस्थेचा, महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ खालचा वसुली दाखला, म्हणजे थकलेलं कर्ज वसूल करायचा हुकूम. मित्राच्या कर्जाला तुम्ही जामीन राहिलात, त्याने हप्ते थकवले आणि दाखल्यात त्याच्याबरोबर तुमचंही नाव आलं. पतसंस्थावाले आईबरोबरच्या जॉइंट खात्यातले पैसे नेतील का, एवढाच तुमचा प्रश्न होता. त्याचं उत्तर मी आजही तेच देईन. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, त्यामुळे तुमच्या एकट्याच्या नावावरचं खातं ते धरू शकतात. दोघांच्या खात्याचं तसं नाही. ते पैसे बँक दोघांना मिळून देणं लागते, म्हणून एकट्याच्याच नावाचा हुकूम आला तर बँका सहसा जॉइंट खात्यातून पैसे देत नाहीत. त्यात काकूंचे पैसे ग्रॅच्युइटीचे, जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्यभर शिकवून मिळालेले. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे पेन्शनरच्या ग्रॅच्युइटीवर त्याच्या स्वतःच्या कर्जापोटीसुद्धा जप्ती येत नाही. ती रक्कम बँकेत एफडी करून ठेवली तरी हे संरक्षण जात नाही, असं सुप्रीम कोर्टाने २००८ साली सांगितलंय. हे सगळं मी काकूंना सावकाश समजावलं. ग्रॅच्युइटी जमा झाल्याच्या नोंदीपुढे त्यांनी घरूनच पेन्सिलने टिक करून आणली होती. पासबुक माझ्यापुढे सरकवून त्या म्हणाल्या, 'हे बघ बाई, हे माझे आहेत.'

त्यानंतर मी काय म्हटलं ते तुमच्या रिव्ह्यूत नाही. मी म्हटलं, 'तरी यावर विसंबू नका. काकूंचे पैसे काकूंच्या एकटीच्या खात्यात ठेवा आणि तुम्ही नॉमिनी राहा. तुमचे स्वतःचे काही असतील तर ते मात्र हलवू नका, ते अंगाशी येईल.' त्यावर तुम्ही म्हणालात, 'आयदर ऑर सर्व्हायव्हर आहे, काही होत नाही.' आयदर ऑर सर्व्हायव्हर म्हणजे दोघांपैकी कोणीही सही करून पैसे काढू शकतं, आणि एक गेला तर दुसऱ्याला मिळतात. पैसे मुळात कोणाचे, हे त्याने ठरत नाही. तेही सांगितलं होतं. तुम्हाला घाई होती.

आता इन्कम टॅक्सचं. 'आणखी कुणाचं देणं आहे का? बँक, जीएसटी, इन्कम टॅक्स?' असं मी विचारलं होतं. आमच्याकडे प्रत्येक नव्या ग्राहकाची एक पिवळी चिठ्ठी असते. तुमची आत्ता समोर ठेवून लिहितेय. 'आयकर बाकी' या रकान्यात माझ्या अक्षरात 'नाही म्हणाले' असं आहे. तुम्ही तेव्हा मोबाईलमध्ये बघत होतात, मान वर न करता 'सगळं क्लिअर आहे' म्हणालात. डिमांडची, म्हणजे बाकी टॅक्स भरा असं सांगणारी नोटीस मे महिन्यापासून तुमच्या मेलवर होती, हे ऑगस्टमध्ये तुम्हीच आमच्या काउंटरवर दाखवलंत. वर्ष आणि रक्कम मी इथे लिहिणार नाही.

ती नोटीस त्या दिवशी समोर आली असती तर माझं उत्तर वेगळं असतं, कारण तिथे नियमच वेगळा आहे. १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम २२६(३) मध्ये जॉइंट खात्याचा थेट उल्लेख आहे. बाकीदाराचे पैसे दुसऱ्याबरोबर एकत्र असले तरी बँकेला नोटीस देता येते, आणि उलट सिद्ध होईपर्यंत दोघांचा वाटा सारखा धरला जातो. तुमचे बरोबर निम्मेच का अडकले, याचं कारण हे आहे. पतसंस्थेचा यात काही संबंध नाही. नोटीस आल्यावर बँकेने पैसे सोडले तर बँकच बाकीदार ठरू शकते, म्हणून मॅनेजरशी भांडूनही उपयोग होणार नव्हता.

एक मात्र कबूल करते. तुमच्या पॅनने इन्कम टॅक्सचं पोर्टल उघडून बाकी बघायला पाच मिनिटं लागली असती. त्या गर्दीत मी तुमच्या शब्दावर विश्वास ठेवला. तेवढी चूक माझी आहे.

पण 'उलट सिद्ध होईपर्यंत' हेही त्याच कलमात आहे, आणि रागाच्या भरात तुम्ही ते ऐकून घेतलं नाहीत. काकूंनी आयकर अधिकाऱ्याकडे प्रतिज्ञापत्रासह अर्ज करायचा. खात्यातली रक्कम त्यांच्या ग्रॅच्युइटीची आहे, मुलाने त्यात काही भरलेलं नाही, हे दाखवायचं. सोबत पासबुकाची पहिल्या पानापासून प्रत आणि निवृत्तीच्या वेळचा ग्रॅच्युइटी मंजुरीचा आदेश जोडायचा, एक प्रत बँकेला द्यायची. ती पेन्सिलची टिक असलेली नोंद आता सगळ्यात महत्त्वाची आहे. तुम्ही मधे कधी दुकानाचे पैसे त्या खात्यात फिरवले असतील तर ते आधी सांगा, कारण अधिकारी एकेक नोंद बघतात.

आमच्या काउंटरवरच्या मुलीला तुम्ही सगळ्यांसमोर 'लुटायला बसलात' म्हणालात. एकवीस वर्षांची आहे ती, काकूंना तिनेच चहा करून दिला होता. दुसऱ्या दिवशी ती कामावर आली नाही. तिचं वाईट वाटलं म्हणून लिहिलं.

सातारा मोठं शहर नाही. रिव्ह्यू आल्यापासून दोन नव्या लोकांनी येण्याआधी फोन करून 'तो खात्याचा प्रकार काय आहे' असं विचारलं, त्यातले एक आलेच नाहीत. या कार्यालयावर तीन घरं चालतात. म्हणून एवढं लांबलचक लिहावं लागतंय.

यापुढे जुलैत नव्या चौकशीला वेगळी वेळ द्यायचा आमचा विचार आहे, आणि पिवळ्या चिठ्ठीवर ग्राहकाची सहीही घेऊ. वयस्कर माणसांना आधी आत बोलवायचं, हे मुलीला सांगितलंय.

काकूंचा अर्ज मी करून देईन, त्याची फी नको. बुधवारी दुपारी तीननंतर गर्दी नसते. येताना मूळ पासबुक, ग्रॅच्युइटीचा आदेश आणि ती मे महिन्याची नोटीस, तिन्ही घेऊन या. बाकावर बसावं लागणार नाही.

आपली,
कार्यालयाची मालक