ग्रेट ओशन रोड एका दिवसात कसा उरकावा

पहिल्यांदा डोक्यातून हे काढून टाका की ग्रेट ओशन रोड हा समुद्र बघायचा रस्ता आहे. तो उरकायचा रस्ता आहे. टॉर्कीपासून ॲलन्सफोर्डपर्यंत साधारण 240 किलोमीटर, आणि लोक त्याला तीन-तीन दिवस देतात, रिकामटेकडे कुठले. तुमच्याकडे मेलबर्नमधला एक रविवार आहे, गाडी भाड्याची आहे, ती रात्री परत द्यायचीय, आणि डब्यात थेपले आहेत. बास की.

गाडी तुम्हीच चालवा. बायको तुमच्यापेक्षा बरी चालवत असली तरी, किंबहुना म्हणूनच. "अगं, भर पावसात कशेडी घाट उतरवलाय मी" हे वाक्य तोंडावर तयार असू द्या. तिकडेही आपल्यासारखं डावीकडूनच चालवतात त्यामुळे अडचण काहीच नाही, फक्त एक गोम आहे जी मला कुणी आधी सांगितली नाही: मेलबर्नहून पश्चिमेला निघालं की समुद्र डावीकडे येतो, आणि डाव्या सीटवर असते बायको. म्हणजे अख्खा समुद्र तिच्या खिडकीत आणि तुमच्या वाट्याला उजवीकडचा कातळ आणि मधली पांढरी रेघ. ती म्हणणार "अरे ते बघ!", तुम्ही बघणार, की लगेच "समोर बघ ना!" दोन्ही सूचना एकाच वेळी पाळायची प्रॅक्टिस घरून करून या.

मागे दहा गाड्यांची रांग लागेल. कुणी हॉर्न मारत नाही, याचा अर्थ त्यांना तुमचं ड्रायव्हिंग आवडतंय. हळू जाणाऱ्यांनी बाजूला व्हावं म्हणून जागोजागी पट्टे काढलेत आणि तशा पाट्याही आहेत, पण त्या दुसऱ्यांसाठी.

ईस्टर्न व्ह्यूला रस्त्यावर लाकडी कमान लागते. तिथे फोटो काढा, पण माहिती वाचत बसू नका. आमच्या हिने वाचली. पहिल्या महायुद्धातून परत आलेल्या सुमारे 3000 सैनिकांनी 1919 ते 1932 अशी तेरा वर्षं, कुदळ-फावडी घेऊन हा रस्ता खणला, न परतलेल्या सोबत्यांचं स्मारक म्हणून. ती जरा गप्प झाली. मी म्हटलं, "चल, अकरा वाजले."

केनेट रिव्हरला झाडावर कोआला दिसतो. तो दिवसाचे वीसेक तास झोपतो, त्याच्यासाठी थांबून तो काय करणार आहे. गाडीतूनच दाखवा.

अपोलो बेच्या पुढे रस्ता समुद्र सोडून ऑटवेच्या जंगलात शिरतो आणि मोबाईलची रेंज जाते. "मॅप डाउनलोड करायला सांगितलं होतं" हे भांडण याच जागेसाठी राखून ठेवा. समुद्र नसल्यामुळे लक्ष विचलित होत नाही, प्रचंड उंच झाडं असतात, आवाज छान घुमतो.

मग ट्वेल्व्ह अपॉसल्स. हे बारा कधीच नव्हते. समुद्राने चुनखडीचा कडा खाऊन खाऊन नऊ सुळके ठेवले होते, त्यातला एक 2005 मध्ये कोसळला. आधी यांचं नाव "डुकरीण आणि पिल्लं" असं होतं, ते बघायला एवढ्या लांब कोण येणार, म्हणून बारा प्रेषित. तुम्ही मात्र बारा मोजूनच परत या, हिशोब लागेना तर बायकोला पुन्हा मोजायला लावा. जवळच लंडन ब्रिज नावाची दगडी कमान होती, 1990 मध्ये तिचा जमिनीकडचा भाग पडला, तेव्हा दोन पर्यटक पलीकडच्या टोकाला अडकले, त्यांना हेलिकॉप्टरने काढावं लागलं. यावरून एवढंच घ्यायचं की निसर्गात फार वेळ उभं राहू नये.

शेवटी लॉक आर्ड गॉर्ज. इथली पाटी बायकोला पूर्ण वाचू देऊ नका, मी चुकलो ते इथेच. 1878 मध्ये लॉक आर्ड जहाज फुटलं, 54 पैकी दोनच वाचले, टॉम आणि ईव्हा, दोघंही ऐन तरुण. त्याने तिला पाण्यातून ओढून काढलं, गुहेत नेलं, मग कडा चढून मदत आणली. लोकांची फार इच्छा, यांचं लग्न व्हावं. ईव्हा काही महिन्यांतच आयर्लंडला निघून गेली.

"शहाणी होती," ही म्हणाली, आणि हात पुढे केला. "चावी दे. आल्या रस्त्यानेच जाऊ, गाडी उद्या देऊ, होऊ दे काय होतील ते पैसे."

मी मुकाट्याने डावीकडे बसलो. म्हटलं चला, आता तरी समुद्र दिसेल. पण परतताना तो उजवीकडे असतो.